विहिरीचा खडा

बीड जिल्ह्यांतील कोणत्याही गांवीं चैत्र-वैशाखांत विहिरीवर जाऊन उभें राहिलें म्हणजे एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. आलेला माणूस आधीं आंत डोकावतो, आणि काळोखांत पाणी दिसेनासें झालें असल्यास पायाजवळचा एखादा खडा उचलून आंत टाकतो व कान देऊन उभा राहतो. ‘डुबुक्’ असा आवाज आला तर पाणी आहे. ‘खट्’ असा आला तर तळ लागला. एवढ्या परीक्षेवर तो पोहरा सोडावयाचा कीं रिकामी घागर घेऊन परत फिरावयाचें, हें ठरवितो. आमचें म्हणणें असें कीं, या परीक्षेंत खड्याची अर्धीच साक्ष आपण ऐकतों. पाणी आहे कीं नाहीं, हें तर तो सांगतोच. पण तो किती वेळानें बोलला इकडे लक्ष दिलें, तर पाणी किती खोल गेलें आहे हेंही तो सांगतो. आणि याहून गंभीर अशी एक गोष्ट त्याच्या पडण्यांत आहे. तिच्याकरितांच आम्ही या महिन्याचें हें पान विहिरीच्या खड्यास दिलें आहे.

जड वस्तु लवकर पडते व हलकी सावकाश पडते, ही समजूत आपल्या घराघरांतून इतकी रुजलेली आहे कीं, ती कोणीं शिकविली असें सांगतां येत नाहीं. पिंपळाचें पान गिरक्या घेत उतरतें आणि त्याच झाडावरून सुटलेली वाळकी फांदी धाडकन् आदळते. यापरता पुरावा कोणता पाहिजे? ग्रीस देशाचा महापंडित अॅरिस्टॉटल हाही याच मताचा होता, व त्याच्या नांवाच्या वजनानें हें मत युरोपांत सुमारें दोन हजार वर्षें टिकलें. परंतु आमच्या वाचकांनीं एक सोपा प्रयोग आजच्या आज करून पाहावा. घरांतील पंचांग घ्यावें, आणि त्याच्या आकाराहून थोडा लहान असा कागदाचा कपटा घ्यावा. दोन्ही दोन हातांत धरून एकदम सोडल्यास पंचांग आधीं पडेल व कागद तरंगत मागाहून येईल. आतां तोच कपटा पंचांगाच्या पाठीवर नुसता ठेवावा आणि पंचांग आडवें धरून सोडावें. कागद मागें राहत नाहीं. पंचांगाबरोबरच भुईवर येतो. पंचांगानें त्याच्यापुढची हवा बाजूस सारली, एवढाच फरक. घरांतील एखादा चिकित्सक विद्यार्थी म्हणेल कीं, पंचांगानें कागदास ओढून आणलें असेल. त्यास सांगावें कीं, तोच कपटा हातांत चुरगळून त्याची घट्ट गोळी कर आणि आतां सोड. कागदाचें वजन गुंजभरही वाढलेलें नसतें, तरी गोळी जवळजवळ पंचांगाबरोबर पडते. तेव्हां सावकाश पडण्याचें कारण हलकेपणा नसून हवेचा अडथळा आहे, हें उघड झालें.

प्रयोगाशिवायही हें ओळखतां येतें, व ती युक्ति इटालियन पंडित गॅलिलिओ (जन्म १५६४) याची आहे. आम्ही ती आपल्या स्वयंपाकघरांतील वस्तु घेऊन सांगतों. समजा, वरवंटा लवकर पडतो आणि सुपारी सावकाश पडते. आतां दोहोंस दोऱ्यानें एकत्र बांधलें तर काय होईल? सावकाश पडणारी सुपारी वरवंट्यास मागें खेंचील, म्हणून जोडी एकट्या वरवंट्यापेक्षां हळू पडली पाहिजे. पण जोडीचें वजन तर एकट्या वरवंट्याहून अधिक. म्हणून ती त्याच्याहून लवकरही पडली पाहिजे! एकाच वस्तूनें एकाच वेळीं हळूही पडावें व लवकरही पडावें, हें संभवत नाहीं. या कोड्यांतून सुटण्याचा मार्ग एकच, तो हा कीं दोघेही मुळांत बरोबरच पडतात. गॅलिलिओनें पिसा येथील कलत्या मनोऱ्यावरून दोन गोळे टाकले अशी जी कथा शाळेंत सांगतात, ती त्याच्या शिष्यानें मागाहून लिहिलेल्या चरित्रांतील आहे व तिच्या खरेपणाविषयीं इतिहासकारांस शंका आहे. तिच्यावांचून आपलें कांहीं अडत नाहीं. कारण ता. २ ऑगस्ट १९७१ रोजीं, जेथें हवा मुळींच नाहीं अशा चंद्रावर, अपोलो-१५ यानाचा नायक डेव्हिड स्कॉट यानें एका हातांतून हातोडा व दुसऱ्या हातांतून ससाण्याचें पीस एकाच क्षणीं सोडलें, आणि दोन्ही एकाच क्षणीं चंद्राच्या धुळींत पडलीं. तें चित्र साऱ्या जगानें पाहिलें.

पृथ्वी वस्तूस ओढते हें मात्र आपल्याकडे फार पूर्वीं सांगितलें गेलें होतें. शके १०३६ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं वयाच्या ३६ व्या वर्षीं, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. त्याच्या गोलाध्यायांत पृथ्वीच्या अंगीं आकर्षणशक्ति आहे, ती आकाशांतील जड वस्तु आपल्याकडे ओढते व ती वस्तु पडत आहे असें आपणांस भासतें, असें स्पष्ट म्हटलें आहे. मग पृथ्वी स्वतः कां पडत नाहीं, या शंकेचें उत्तरही त्यांनीं दिलें आहे: चोहोंकडे आकाश सारखेंच असतां ती पडणार तरी कोठें? आचार्य आपलें गांव सह्याद्रीजवळचें विज्जडविड म्हणून सांगतात. तें गांव कोणतें, यावर विद्वानांचें एकमत नाहीं. नामसादृश्यावरून बीडचेंही नांव घेतलें जातें, तर चाळिसगांवजवळील पाटण येथें डॉ. भाऊ दाजी यांना सांपडलेल्या शिलालेखामुळें कित्येकांचा ओढा तिकडे आहे. त्या लेखांत आचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. बीडकरांनीं या वादांत अभिमानानें उतरावें, यास आमची हरकत नाहीं. परंतु त्याबरोबर हेंही प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे कीं, वस्तु ओढली जाते हें सांगणें निराळें आणि ती पहिल्या क्षणांत किती, दुसऱ्या क्षणांत किती पडते याचें गणित देणें निराळें. तें गणित गोलाध्यायांत नाहीं. तें गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आलें, आणि पुढें न्यूटननें १६८७ सालीं त्याच नियमांत चंद्रासही गोंविलें.

हें गणित काढणें सोपें नव्हतें. पडणारी वस्तु इतक्या वेगानें जाते कीं, त्या काळच्या साधनांनीं तिचा वेळ मोजणें अशक्यच होतें. गॅलिलिओनें काय केलें? त्यानें पडणेंच सावकाश केलें. एका लांब तुळईस गुळगुळीत खांचणी पाडली, ती किंचित् कलती ठेवली आणि तींतून पितळेसारख्या धातूचा गोटा सोडला. उतारावरून घरंगळणें हें एक मंदावलेलें पडणेंच होय. वेळ मोजण्यासाठीं त्यानें मोठ्या भांड्यांतून बारीक धारेनें पडणारें पाणी वाटींत धरून तें तोललें. आपल्या जुन्या घटिकापात्राचेंच हें भावंड. येथें आम्हांस बीड शहराच्या दक्षिणेस असलेल्या खजाना विहिरीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. सोळाव्या शतकांत, अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमलांत, सलाबतखानाच्या आज्ञेवरून राजा भास्कर नांवाच्या स्थापत्यज्ञानें ती बांधली, असें सांगतात. (भास्कर हें नांव या विषयांत दुसऱ्यांदा यावें, हा केवळ योगायोग.) भूमिगत पाटांतून पाणी या विहिरींत येतें आणि दुसऱ्या पाटानें मोटेवांचून व पंपावांचून बाहेर पडून खालच्या शेतांस जातें. यांत कोणतीही जादू नाहीं. ज्या ओढीनें खडा विहिरीच्या तळास जातो, त्याच ओढीस अगदीं मंद उतार देऊन तिच्याकडून शेत भिजविण्याचें काम करून घेतलें आहे. उतार अधिक दिला असता तर पाण्यानें पाट खोदून टाकला असता. कमी दिला असता तर गाळ बसला असता. गॅलिलिओची तुळई आणि हा पाट यांची जात एकच.

गॅलिलिओस आढळलें तें असें. पहिल्या क्षणांत गोटा जितकें अंतर जातो तें एक धरलें, तर दुसऱ्या क्षणांत तीन, तिसऱ्यांत पांच, चवथ्यांत सात. म्हणजे विषम संख्यांची सरळ माळ. त्यांची बेरीज करीत गेलें कीं १, ४, ९, १६ असे वर्ग येतात. सरळ खालीं पडणाऱ्या खड्यास हाच नियम लावला, तर पहिल्या सेकंदांत तो सुमारें १६ फूट, म्हणजे ४.९ मीटर, पडतो. तेव्हां लागलेल्या सेकंदांचा वर्ग करून त्यास १६ नें गुणलें कीं खोली फुटांत निघते. एका सेकंदास १६ फूट, दीडास ३६, दोहोंस ६४, अडीचांस १००, तिहींस १४४. वेग मात्र वर्गानें न वाढतां सरळ वाढतो: दर सेकंदास ३२ फूट. मेट्रिक मापानें हा आंकडा बीडच्या अक्षांशावर ९.७८ मीटर येतो. ध्रुवांजवळ तो ९.८३ आहे. पृथ्वी ध्रुवांपाशीं किंचित् चपटी आहे आणि स्वतःभोंवतीं फिरते, या दोन कारणांनीं हा फरक पडतो. आपल्या विहिरीच्या हिशेबांत त्याची दखल घेण्याचें कारण नाहीं.

आतां प्रत्यक्ष मोजणीकडे वळूं. हल्लीं घरोघरीं असलेल्या मोबाईल फोनांत सेकंदाचे शतांश मोजणारें घड्याळ असतें. तें एका हातांत घ्यावें. खडा लिंबाएवढा असावा, तो फेंकूं नये, नुसता सोडावा. सोडतांक्षणीं घड्याळ चालू करावें आणि आवाज कानीं पडतांच थांबवावें. एका मोजणीवर मात्र मुळींच विसंबूं नये. बोट पुढेंमागें होऊन सेकंदाच्या पंचमांशाची चूक सहज होते, आणि तेवढ्यानें दोन सेकंदांच्या विहिरीची खोली ६४ फुटांऐवजीं ५२ किंवा ७७ निघते! पांच-सहा वेळां मोजून सरासरी घ्यावी. याशिवाय दोन बारीक गोष्टी आहेत. आवाजास वर येण्यास वेळ लागतो; तो सेकंदास सुमारें ११३० फूट चालतो, म्हणून शंभर फुटांस त्यास सेकंदाचा अकरावा-बारावा भाग लागतो. आणि हवाही खड्यास किंचित् मागें ओढते. या दोन्ही चुका सुदैवानें एकाच बाजूच्या आहेत: दोहोंमुळें वेळ वाढतो, आणि विहीर आहे त्याहून खोल भासते. सबब दोन सेकंद आले तर ६४ न म्हणतां साठाच्या आंतबाहेर समजावें, आणि अडीच आले तर ९० च्या आसपास. ज्यांस याहून अचूक माप हवें, त्यांनीं सरळ दोराला गांठी मारून पोहरा सोडावा. तो मार्ग आपल्या पणज्यांच्याही आधींचा आहे व त्यांत गणिताची चूक नाहीं. तथापि दर अमावास्येस एकाच विहिरीची मोजणी करून भिंतीवरील दिनदर्शिकेवर टिपून ठेवली, तर माघापासून ज्येष्ठापर्यंत पाणी कसें कसें उतरत गेलें याचा आलेख घरांतील मुलांस स्वतः काढतां येईल. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला ते वडीलधारे अद्याप कित्येक घरांत आहेत. २०१२-१३ व २०१५-१६ चीं वर्षें तर मुलांच्या आईबापांस स्वतःच्या अनुभवानें ठाऊक आहेत. त्या आठवणींच्या जोडीस असे आंकडे असले, तर घरांत बोलण्यास विषय होईल. हें काम मुलांनीं एकट्यानें करूं नये. कां, तें पुढें येईल.

हवेच्या अडथळ्यास आम्हीं वर ‘किंचित्’ म्हटलें, तें विहिरीपुरतेंच. उंची वाढली कीं हीच हवा जीवदान देणारी ठरते. दहा हजार फुटांवरील ढगांतून सुटलेला पावसाचा थेंब जर वरील गणिताप्रमाणें पडत आला, तर जमिनीशीं पोंचतांना त्याचा वेग सेकंदास ८०० फूट, म्हणजे ताशीं पावणेनऊशें किलोमीटरांच्या घरांत जाईल. असा पाऊस ज्वारीच्या कणसांवर काय, पण घराच्या कौलांवरही सोसणार नाहीं. प्रत्यक्षांत काय होतें? वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो. कांहीं अंतरावर तो थेंबाच्या वजनाशीं बरोबरी करतो, आणि तेथून पुढें वेग वाढेनासा होतो. मोठ्यांतला मोठा थेंब सेकंदास सुमारें ३० फुटांहून अधिक वेगानें येत नाहीं. भुरभुरीचा बारीक थेंब तर सहा-सात फुटांवरच थांबतो. गार थेंबाहून मोठी व जड, म्हणून तिची मर्यादाही वरची. एक ते पावणेदोन इंच व्यासाची गार ताशीं ४० ते ६५ किलोमीटरांच्या वेगानें आदळते. २०१४ सालच्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यांत मराठवाड्यावर जी गारपीट झाली, तींत बीडकडील हातीं आलेली ज्वारी, गहूं, हरभरा व फळबागा कशा झोडपल्या गेल्या, हें शेती असलेल्या घरांस सांगणें नको. त्या गारा पडल्या तेवढ्या वेगानेंच पुरे होत्या. हवा नसती तर त्यांचा वेग याच्या कित्येक पट झाला असता. पाटोदा तालुक्यांत सौताडा येथें विंचरणा नदीची धार दरींत उडी घेते, तिचेंही असेंच. वरून दिसणारी एकसंध धार खालीं येईतों फुटून तुषार होते, आणि ते तुषार आपल्या अंगावर वाऱ्याच्या झुळकीप्रमाणें येतात. तेंच पाणी न फुटतां एखाद्या शिळेप्रमाणें खालीं आलें असतें, तर तेथें उभें राहण्याची कोणाची छाती झाली नसती.

धार फुटते कां, हेंही येथेंच सांगून टाकतों, कारण पुढें त्याचा उपयोग आहे. कळशी किंचित् कलती करून पाण्याची बारीक धार सोडावी. वर ती जाड असते, खालीं बारीक होत जाते आणि शेवटीं तिचे थेंब होतात. जें पाणी आधीं निघालें तें अधिक वेळ पडत आलेलें असतें, म्हणून त्याचा वेगही अधिक. मागाहून निघालेलें पाणी त्यास गांठूं शकत नाहीं. उलट दोहोंतील अंतर क्षणोक्षणीं वाढतच जातें, आणि धार ताणली जाऊन तुटते. एका सेकंदाच्या अंतरानें सोडलेले दोन खडे प्रथम १६ फूट दूर असतात. आणखी एक सेकंद गेला कीं ४८ फूट दूर. मागच्यानें पुढच्यास गांठावें असें पडण्यांत कधींच होत नाहीं.

आतां त्या गंभीर गोष्टीकडे येतों. खड्याच्या पडण्यांत वजनाचा विचार नाहीं, हें आपण पाहिलें. तर मग चार वर्षांचें मूल आणि घरांतील कर्ता पुरुष हे दोघेही विहिरींत सारख्याच वेळांत तळ गांठतात. ‘लेंकरूं हलकें, अलगद पडलें असेल’ असे जे उद्गार आपण अपघाताच्या वेळीं समाधानासाठीं काढतों, त्यांस निसर्गांत आधार नाहीं. ६४ फूट खोलीस दोन सेकंद लागतात, आणि शेवटचा वेग ताशीं ७० किलोमीटर असतो. म्हणजे हमरस्त्यावर धांवणाऱ्या मोटारीचा. १६ फुटांस एक सेकंद व ताशीं ३५ किलोमीटर. नुसत्या चार फुटांच्या ओट्यावरून पडणाऱ्या मुलास जमिनीशीं पोंचण्यास अर्धाच सेकंद लागतो. या अर्ध्या सेकंदांत धांवून झेलूं, असें ज्यास वाटतें त्यानें पुढील खेळ खेळून पाहावा. शंभर रुपयांची कोरी नोट दुसऱ्यानें वरच्या टोंकास उभी धरावी. आपण आपला अंगठा व तर्जनी नोटेच्या मध्याशीं, तिला स्पर्श न करतां, उघडीं ठेवावीं. धरणाऱ्यानें सूचना न देतां नोट सोडावी. आपणांस ती पकडतां येत नाहीं. अर्धी नोट सुमारें सात सेंटिमीटर; तेवढें अंतर पडण्यास सेकंदाचा आठवा भाग पुरतो. डोळ्यानें पाहून, मेंदूनें ठरवून, बोटें मिटेपर्यंत बहुतेकांस सेकंदाचा सुमारें पांचवा भाग लागतो. नोटेऐवजीं फुटपट्टी घेतली तर ती सात-आठ इंच घसरल्यावर हातीं लागते, व त्यावरून घरांतील कोणाचा हात किती तत्पर आहे, हेंही कळतें. आजोबा आणि नातू यांच्यांत ही पैज लावण्यास हरकत नाहीं. निकाल मात्र आम्ही आधीं सांगणार नाहीं.

याहून घातक असें आणखी एक आहे. ओट्यावरून पडणाऱ्या मुलाच्या अर्ध्या सेकंदापैकीं पहिल्या पाव सेकंदांत तें फक्त एक फूट खालीं येतें, आणि उरलेल्या पाव सेकंदांत तीन फूट. सुरुवात इतकी सावकाश असते कीं, पाहणाऱ्यास ‘तोल जात आहे’ एवढेंच वाटतें. आणि ‘पडलें’ हें कळेपर्यंत पडून झालेलें असतें. विहिरींत मागोमाग उडी टाकणाऱ्याची गोष्ट तर धारेच्या थेंबासारखी आहे: तो पुढच्यास वाटेंत कधींही गांठत नाहीं. पाणी भरपूर असल्यास तें शरीराचा वेग हळूहळू शोषून घेतें, आणि पोहणारा उडी टाकून वांचवूं शकतो. परंतु आपल्या जिल्ह्यांत जेव्हां विहिरीवर गर्दी सर्वांत अधिक, तेव्हांच पाणी सर्वांत कमी असतें. वैशाखांत ५० फुटांखालीं दोन-तीन फूट पाणी उरलेलें असतां, ताशीं ६० किलोमीटरांच्या वेगानें येणाऱ्या शरीरास त्या पाण्याचा कांहींच आधार नाहीं; त्याखालीं खडक आहे. श्रावणांत जी विहीर पोरांच्या सूर मारण्याची जागा असते, तीच वैशाखांत मृत्यूची जागा होते, आणि विहिरीचें तोंड दोन्ही वेळीं सारखेंच दिसतें.

तेव्हां जो कांहीं उपाय करावयाचा, तो पडण्याच्या आधींच झाला पाहिजे. आपल्या पूर्वजांनीं मराठवाड्यांत ज्या बारवा बांधल्या, त्यांच्याकडे आम्ही या दृष्टीनें पाहतों. बारवेच्या पायऱ्या म्हणजे चाळीस फुटांच्या एका पडण्याचे आठ-आठ इंचांचे साठ तुकडे केलेले आहेत. प्रत्येक तुकड्यावर पाय टेकतो, वेग शून्यावर येतो, आणि पुढचें पडणें नव्यानें सुरू होतें. आज कोणी नवी बारव बांधणार नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. कठडा मात्र बांधतां येतो, आणि तो किती उंच असावा हेंही पदार्थविज्ञानच सांगतें. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारणपणें बेंबीच्या किंचित् खालीं असतो. पांच फूट उंचीच्या स्त्रीचा जमिनीपासून सुमारें पावणेतीन फुटांवर. कठडा याहून बुटका, गुडघ्याएवढा असेल, तर तो माणसास अडवीत नाहीं. उलट पायांस अडथळा होऊन वरचें शरीर आंत कलंडतें. त्यांत दहा लिटरांचा भरलेला पोहरा, म्हणजे दहा किलो वजन, हात पुढें करून ओढावयाचें असलें, तर तोल आणखी पुढें जातो. सबब कठडा साडेतीन ते चार फूट असावा, आणि त्यावर रहाट असावा; म्हणजे दोर ओढणारी स्त्री वांकून न ओढतां सरळ उभी राहून ओढते आणि तिचें वजन तिच्या टांचांवर राहतें. ज्या विहिरींवर आतां केवळ पंप बसविलेला आहे आणि कोणी शेंदावयास येत नाहीं, त्यांचें तोंड जमिनीच्या पातळीस उघडें असतें आणि पावसाळ्यांत त्याभोंवतीं गुडघाभर गवत वाढून कडा दिसेनाशी होते. तेथें भिंत परवडत नसेल तर लोखंडी जाळी तरी टाकावी.

कूपनलिकांविषयीं दोन शब्द. त्यांत खडा टाकून खोली मोजण्याचा मोह आवरावा. तो वाटेंत भिंतींस आपटत जातो, त्यामुळें वेळ खोटा येतो, आणि पंप बसविलेला असल्यास अडकून नुकसान करतो. परंतु जी नलिका कोरडी निघाली म्हणून सोडून दिली, तिचें आठ-नऊ इंचांचें तोंड मूल आंत जाण्यास पुरेसें असतें. २००६ सालीं हरियाणांतील एका पांच वर्षांच्या मुलास सुमारें ६० फुटांवरून सुखरूप काढण्यास जवळजवळ ५० तास लागले. तें दृश्य देशभर पाहिलें गेलें. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं यासंबंधीं घालून दिलेल्या नियमांप्रमाणें नळीभोंवतीं सिमेंटचा ओटा असावा, तो ३० सेंटिमीटर जमिनीच्या वर व तितकाच खालीं. तोंडावर पोलादी झांकण वेल्डिंगनें पक्कें करावें किंवा घट्ट आवळून बसवावें. पंप दुरुस्तीसाठीं काढला तरी त्या मुदतींत नळी उघडी ठेवूं नये. आणि टाकून दिलेली नळी माती, वाळू, खडी यांनीं तळापासून वरपर्यंत भरून घ्यावी. तोंडावर नुसतें पोतें बांधणें, किंवा फरशीचा तुकडा टाकून ठेवणें, हें यांत बसत नाहीं.